सदतिसावी खुंटी

नोव्हेंबर महिन्याच्या अठरा तारखेस, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, रिकाम्या बाटल्या ठेवण्याच्या खोलीत चौकशीचे कामकाज सुरू झाले. सभेची खोली तळमजल्यावर होती. परंतु तिचे छत आठवडाभर गळत होते आणि दुरुस्तीचा कागद कोणाच्या टेबलावर अडकला आहे याबद्दल दोन मते होती. म्हणून भिंतीला लागून बाटल्यांची खोकी रचली गेली, मधोमध एक लांब टेबल आले, आणि त्याच्या एका बाजूस मुख्य कार्यालयातून आलेल्या चौकशी अधिकारी बाई व दुसऱ्या बाजूस तीन माणसे बसली: प्रयोगशाळेचे प्रमुख, नोंदनीस आणि फळीचे काम पाहणाऱ्या बाई. निर्णय एकाच गोष्टीचा व्हायचा होता. फळीच्या बाई कामावर राहणार की जाणार.

त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची असे आणि दर अकरा महिन्यांनी ती वाढवून मिळे. असे आठ वेळा झाले होते. या खेपेस ती वाढवून मिळण्याआधी दोषाचा शिक्का बसला असता, तर या किंवा दुसऱ्या कोणत्याही सरकारी कार्यालयात त्यांना पुन्हा कोणी उभे केले नसते. घरी दोन मुली होत्या, थोरली नववीत. नवऱ्याची नोकरी तीन वर्षांपूर्वी बाहेर पडली होती आणि अद्याप परतली नव्हती.

दोष काय, हे कळायला तिथले काम थोडे समजून घ्यावे लागते. शहरात एकेचाळीस सार्वजनिक नळकोंडाळी होती. दर तिमाहीस प्रत्येकाची एक बाटली भरून येई आणि पाण्यात शिसे किती आहे हे यंत्र सांगे. एक लिटर पाण्यात शिसे एक मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत चालते, त्यापुढे नाही. इतक्या बारीक गोष्टी साध्या दशांशात लिहायच्या तर शून्यांची रांग लागते, आणि शून्ये मोजताना चांगला माणूसही चुकतो. प्रयोगशाळेच्या इतिहासात एकदा ०.००४८ ची नक्कल करताना एक शून्य गळले, ०.०४८ झाले, आणि एक अख्खी गल्ली अकरा दिवस विनाकारण टँकरच्या पाण्यावर राहिली. तेव्हापासून तिथे घातांकाची पद्धत आली. आधी एक ते दहाच्या मधला एक आकडा लिहायचा, आणि शेजारी दहाचा घात. ४.८ आणि शेजारी दहाचा उणे तिसरा घात, म्हणजे ४.८ हजारांश. शून्य लिहायचेच नाही, मग ते गळणार कुठून, असा त्यामागचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता.

वीस वर्षे जे जे पाणी आले ते हजारांशांतच आले. तेव्हाचे यंत्र त्याहून बारीक पाहू शकत नव्हते आणि त्याहून जाड काही सापडत नव्हते. त्यामुळे कोणा काटकसरी प्रमुखाने कार्डेच अशी छापून घेतली की 'गुणिले दहाचा उणे तिसरा घात' हा भाग आधीच छापलेला असावा आणि नोंदनिसाने फक्त पुढचा आकडा भरावा. एक कपाटभर कार्डे छापली गेली. प्रमुख बदलले, यंत्र बदलले, कपाट मात्र रिकामे होईना. तीन वर्षांपूर्वी नवे यंत्र आले आणि ते दशसहस्रांशही सांगू लागले. मग अधूनमधून छापलेला तीन खोडून हाताने चार लिहावे लागे. क्वचित, फारच क्वचित, दोन.

हे लिहिण्याचे काम नोंदनिसाचे होते. नोंदनीस छप्पन्न वर्षांचे, आणि त्यांना प्रयोगशाळेत सारे टिंबकाका म्हणत. कारण दशांश चिन्हाचे टिंब ते असे ठाशीव देत की कार्ड उलटे केले तरी बोटाला लागावे. खाडाखोड त्यांना सोसत नसे. छापलेला आकडा बदलणे भागच पडले, तर ते त्यावर पट्टी धरून एकच आडवी रेघ मारीत, वर नवा आकडा लिहीत आणि समासात आपली आद्याक्षरे घालीत. नवी कार्डे छापावीत असा अर्ज त्यांनी एकदा केला होता. खोडलेले कार्ड दिसायला वाईट दिसते, एवढेच त्यात कारण दिले होते. प्रमुखांनी कपाट दाखवले आणि अर्ज तिथेच संपला.

लिहिलेली कार्डे फळीच्या बाईंकडे जात. फळी म्हणजे एक लांब लाकडी पाट होता. त्यावर एकेचाळीस खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीखाली रंगाने तिचा क्रमांक. सर्वांत अधिक शिसे असलेले कार्ड पहिल्या खुंटीवर, सर्वांत कमीचे एकेचाळिसाव्या. मांडून झाले की प्रमुख येत, पहिल्या खुंटीवरचे कार्ड पाहत, ते मर्यादेत असले की तिमाहीच्या अहवालावर सही करीत. सर्वांत वाईट पाणी मर्यादेत आहे, तेव्हा उरलेली चाळीस आपोआपच आहेत. या युक्तिवादात खोट काढायला जागा नाही. असलीच तर ती 'सर्वांत वाईट' या दोन शब्दांत होती.

कारण फळीवर क्रम लागे तो पुढच्या आकड्याचा. आधीच्या फळीवाल्या आजीबाईंनी निवृत्त होताना बाईंना तसेच शिकवले होते: पहिला आकडा बघायचा, नऊवाली वर, एकवाली खाली, आणि पटापट लावायचे, म्हणजे चहाच्या आत होते. वीस वर्षे ते बरोबरच होते. सगळ्या कार्डांवर घात एकच असेल, तर घात बघतो कोण?

एप्रिलच्या फळीवर पहिल्या खुंटीला ९.८ हजारांश होते. सही झाली. सदतिसाव्या खुंटीला १.९ होते, पण शेजारी तीन खोडून वर दोन लिहिलेला होता. म्हणजे हजारांश नव्हे, शतांश. परवानगीच्या जवळजवळ दुप्पट शिसे असलेले ते पाणी शहरातल्या उत्तम पाण्यांच्या ओळीत लटकत राहिले. जुलैमध्ये तेच नळकोंडाळे २.२ झाले आणि तितक्याच निवांतपणे पस्तिसाव्या खुंटीला गेले.

बाटल्यांवर गल्लीचे नाव नसे, फक्त क्रमांक असे, आणि कोणता क्रमांक कोणत्या नळाचा ती यादी प्रमुखांच्या खणात कुलूपबंद असे. लिहिणाऱ्याच्या हाताला माया सुटू नये म्हणून तो नियम होता. टिंबकाकांना तो नियम फार आवडे. सत्तावीस क्रमांकाची बाटली आपल्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळाची आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

त्यांच्या घरात ते, त्यांची बायको आणि चार वर्षांची नात अशी तीन माणसे राहत. लेक आणि जावई दुसऱ्या शहरात पाळीच्या नोकऱ्या करीत आणि महिन्यातून एकदा येत. घरातल्या नळाच्या पाण्याला गंजाचा वास येई, म्हणून पिण्याचे पाणी कोपऱ्यावरच्या नळकोंडाळ्यावरून आणायचा परिपाठ होता. मार्चमध्ये त्याची तोटी मोडली, कोणा कारागिराने शिशाचा भरपूर डाग देऊन ती जोडली, आणि गल्लीने पाणी पहिल्यासारखे येऊ लागल्याबद्दल त्याचे आभार मानले. दोन कळशा रोज सकाळी टिंबकाका स्वतः आणीत.

सप्टेंबरात नात पोट दुखते म्हणू लागली. मग जेवेनाशी झाली, मग खेळता खेळता भिंतीला टेकून बसू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी दोन आठवडे औषधे बदलून पाहिली आणि शेवटी रक्त तपासायला पाठवले. रक्तात शिसे निघाले. त्यांनी घरातले रंग विचारले, खेळणी विचारली, शेवटी पाणी विचारले. टिंबकाकांनी त्यांना शांतपणे सांगितले की पाण्याचा प्रश्नच येत नाही, शहराच्या पाण्याच्या नोंदी मीच ठेवतो.

डॉक्टरीण बाईंनी तरीही पत्र पाठवले. प्रमुखांनी खणाचे कुलूप उघडले, यादी काढली, सत्तावीस क्रमांकाची दोन्ही कार्डे मागवली आणि ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मग त्यांनी नोंदनिसास बोलावले.

टिंबकाकांनी कार्डे पाहिली. अक्षर त्यांचे होते. रेघ सरळ होती, आद्याक्षरे जागच्या जागी होती. मनात सर्वांत आधी जे आले ती एक सुटकाच होती: आकडा बरोबर आहे. नात त्यानंतर आठवली. मधे फार वेळ गेला नव्हता, एखादा श्वास गेला असेल. पण आधी काय आले आणि मागाहून काय आले, हा क्रम काही त्यांना पुढे विसरता आला नाही.

त्याच दुपारी नळावर लाल पट्टी बांधली गेली. डॉक्टरीण बाईंनी सांगितले की मूल लहान आहे, शिसे शरीरातून हळूहळू उतरेल, दर महिन्याला रक्त तपासावे लागेल, आणि बाकी काय ते शाळेत गेल्यावर कळेल. या शेवटच्या वाक्याचा अर्थ टिंबकाकांनी विचारला नाही.

प्रयोगशाळेने कळवलेला पाण्याचा एप्रिलचा आकडा दवाखान्याच्या कागदावर साध्या दशांशात दिलेला होता: ०.०१९, आणि खाली मर्यादा ०.०१. त्यांची बायको चौथीपर्यंत शिकलेली. तिने तो कागद खिडकीपाशी नेऊन वाचला आणि विचारले की हे एवढे सरळ दिसते आहे, मग कुणालाच कसे दिसले नाही. टिंबकाकांनी तिला घातांकाची पद्धत समजावून सांगितली. शून्ये कशी गळतात, गल्ली टँकरवर कशी राहिली, मग पद्धत कशी आली, आकडा कसा लिहितात, घात कसा लिहितात. तिने सगळे ऐकून घेतले. घरातल्या घड्याळाने वेळ दाखवली तरी हे त्याच्याकडून सही घेतील, असे ती एरवी शेजारणींना सांगत असे. त्या दिवशी तिने थट्टा केली नाही.

"म्हणजे तुम्ही लिहिलं होतं," ती म्हणाली.

"मी बरोबर लिहिलं होतं."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि कळशा उपड्या घालायला आत गेली.

त्यानंतरचे दोन महिने टिंबकाकांनी एका निवेदनावर घालवले. कोणीतरी दोषी ठरणार हे उघड होते, आणि आपण नाही हे कागदावर यावे एवढीच त्यांची इच्छा होती. फळीच्या बाईंचे वाईट व्हावे असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते. परंतु नोंद अचूक असेल, आणि तरीही क्रम चुकला असेल, तर चूक क्रम लावणाऱ्याची; यातून दुसरा निष्कर्ष कसा काढायचा हे त्यांना दिसत नव्हते. निवेदनाची चार पाने झाली. त्यातले कळीचे वाक्य त्यांनी सात वेळा घडवले आणि शेवटी असे ठेवले: 'कार्डावरील नोंद अचूक व सुवाच्य असून, संख्यांचे ज्ञान असलेल्या कोणाही व्यक्तीस तीवरून क्रम लावण्यात अडचण येण्याचे कारण नव्हते.'

फळीच्या बाईंना तोवर बाटल्या धुण्याच्या कामावर लावले होते. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या जिन्यात भेटल्या. हात कोपरापर्यंत ओले, साबणाने पांढरे पडलेले. टिंबकाकांना वाटले की आता या रदबदली करायला सांगणार, आणि नाही कसे म्हणावे याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली. पण बाई तसले काही बोलल्याच नाहीत. त्यांनी नातीची चौकशी केली. मग म्हणाल्या की थोरलीच्या गणिताच्या पुस्तकात हे सगळे निघाले. धडाच आहे एक. आधी घात बघायचा, मग पुढचा आकडा. आणि घात उणे असला की उलटे, उणे दोन हा उणे तीनपेक्षा मोठा, उणे चार सगळ्यांत लहान.

"पोरगी हसायला लागली मला, काका. म्हणाली, आई, हे आम्हाला पहिल्या चाचणीला होतं."

टिंबकाका म्हणाले की बरोबर आहे, आणि त्यांना राहवले नाही म्हणून उणे संख्यांचा क्रम रेषेवर कसा दाखवतात तेही सांगितले. बाईंनी ओल्या हाताने जिन्याच्या कठड्यावर एक रेघ ओढून ती पाहिली. मग बाटल्या वाळत घालायच्या आहेत म्हणून त्या खाली गेल्या. रेघ वाळेपर्यंत टिंबकाका तिथेच उभे होते. जिने चढायचा त्यांना अलीकडे कंटाळा येत असे.

चौकशीच्या दिवशी सकाळी ते नातीला घेऊन दवाखान्यात गेले होते. तिसऱ्या खेपेचे रक्त काढायचे होते. नात आता रडत नसे. सुई दिसली की स्वतःच बाही वर करी, आणि ते बघणे रडण्यापेक्षा कठीण होते. तिला घरी सोडून ते पायीच प्रयोगशाळेत आले आणि अकराला पाच मिनिटे असताना बाटल्यांच्या खोलीत येऊन बसले.

अधिकारी बाई वयाने चाळिशीच्या, सर्दीने बेजार, आणि अशा चौकश्या करून करून कंटाळलेल्या दिसत होत्या. आधी त्यांनी प्रमुखांचे म्हणणे ऐकले. प्रमुख पुष्कळ बोलले. कामाचा ताण, मनुष्यबळाची कमतरता, वीस वर्षांची निर्दोष परंपरा, आणि आपण सही केली ती फळीवर विसंबून. अधिकारी बाईंनी विचारले की सही एकाच कार्डावर विसंबून केली का. प्रमुख म्हणाले की पद्धतच तशी आहे. बाईंनी रुमालात शिंकून ते लिहून घेतले.

मग फळीच्या बाईंना विचारले. त्यांनी सांगितले की क्रम आपणच लावला, पुढचा आकडा बघून लावला, घात बघितला नाही. शिकवणाऱ्या आजीबाईंचे नाव घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्या आता अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना कशाला, एवढेच म्हणाल्या. खोडलेला आकडा दिसला नव्हता का, असे विचारल्यावर म्हणाल्या की दिसला असेल, पण काकांच्या कार्डावर सही असली की ते बरोबरच असते हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून तिकडे दुसऱ्यांदा बघायचे कधी सुचले नाही.

शेवटी टिंबकाकांचे निवेदन वाचले गेले. ते त्यांनी स्वतः उभे राहून वाचले. आवाज बसलेला होता, पण स्वल्पविरामसुद्धा ऐकू यावेत असे वाचन झाले. सगळी चार पाने होईपर्यंत प्रमुखांच्या चेहऱ्यावर बराच रंग परत आला होता. फळीच्या बाई खोक्यांकडे बघत होत्या.

अधिकारी बाईंनी निवेदन हातात घेतले, कळीच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारले, "हे वाक्य तुम्हाला असंच ठेवायचंय?"

"हो."

त्यांनी पिशवीतून कार्डांचा एक गठ्ठा काढला. यावर्षीच्या फळ्यांवरचीच नऊ कार्डे होती, टिंबकाकांच्या हातची. ती त्यांनी पत्त्यांसारखी पिसली आणि टेबलावरून सरकवली.

"क्रम लावून दाखवा. जास्त शिसं वर."

टिंबकाकांना हे काहीसे पोरकट वाटले, पण ते बसले, चष्मा पुसला आणि कामाला लागले. त्यांच्या हाताला सवय होती. पहिल्याप्रथम त्यांनी ती दोन शोधली, १.९ आणि २.२, ज्यांवर तीन खोडून दोन केलेला होता. २.२ सर्वांत वर ठेवले, त्याखाली १.९. तेवढे झाल्यावर त्यांनी श्वास सोडला. कठीण भाग संपला होता. मग बाकीची सात भराभर लागली: ९.८, ८.७, ७.४, ६.१, ५.५, ३.०, १.३. कडा जुळवल्या, सरळ केल्या, आणि हात मांडीवर घेतले.

अधिकारी बाईंनी ओळीवरून नजर फिरवली. प्रमुखही वाकून बघत होते. त्यांनी समाधानाने मान हलवली. मुतारीशेजारचा नळ थेंब थेंब गळत होता, तो आवाज तेवढा खोलीत येत होता.

"काका," फळीच्या बाई हळूच म्हणाल्या, "आठ पॉइंट सात शेवटी."

टिंबकाकांनी कार्डाकडे पाहिले. ८.७. शेजारी छापलेला तीन, त्यावर एक सरळ आडवी रेघ, वर चार. समासात आद्याक्षरे. दहाचा उणे चौथा घात, म्हणजे दशसहस्रांश. ०.०००८७. त्या नऊ पाण्यांतले सर्वांत स्वच्छ पाणी त्यांनी चौथ्या जागी ठेवले होते, ९.८ आणि ७.४ यांच्या मधे, जिथे आठ असायला हवा तिथे. चार त्यांनीच लिहिला होता. रेघ मारताना पट्टी धरल्याचेही त्यांना आठवत होते.

त्यांनी ते कार्ड उचलले. ते शेवटी नेऊन ठेवायला हात निघाला आणि मधेच थांबला. नकळत त्यांनी ते उलटे केले. टिंबाचा उंचवटा बोटाला लागला.

"घाईत झालं," प्रमुख म्हणाले. "त्यांची तब्येत ठीक नाहीये, घरी नात..."

"घाई नव्हती," टिंबकाका म्हणाले.

त्यांना युक्तिवाद सुचत होते. तेच त्यांचे दुर्दैव होते. ते त्यांना नेहमी सुचत. सकाळी दवाखान्यात गेलो होतो असे म्हणता आले असते. दोन दोषी कार्डांकडेच लक्ष होते असेही म्हणता आले असते. नोंद करणे आणि क्रम लावणे ही दोन वेगळी कामे आहेत हा मुद्दा तर चार पानांत आलाच होता, आणि तो अजूनही खरा होता. पण जाणकार माणसाला अडचण येण्याचे कारण नव्हते, असे त्यांनी लिहिले होते. समोर जाणकार माणूस बसला होता, लिहिणाराच होता, दोन महिने याच एका गोष्टीचा विचार करत होता, आणि त्याला अडचण आली होती. ज्या बाईंनी ती दाखवली त्यांना परवा त्यांच्या मुलीने हे शिकवले होते.

एप्रिलमध्ये फळी माझ्याकडे असती, त्यांच्या मनात आले, तरी सदतिसाव्या खुंटीलाच गेले असते. माझ्याच हाताने. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशा घेऊन गेलो असतो.

ते त्यांनी मोठ्याने म्हटले नाही. त्यांनी निवेदन मागून घेतले, खिशातली छोटी पट्टी काढली, कळीच्या वाक्यावर धरली आणि एकच आडवी रेघ मारली. वर काही लिहिले नाही. समासात आद्याक्षरे घातली आणि कागद परत सरकवला.

अधिकारी बाईंनी तो पाहिला. मग फळीच्या बाईंना विचारले की कार्डावर घात छापलेला नसता, आणि पूर्ण आकडा हाताने लिहिलेला असता, तर तुम्ही बघितला असता का. बाई म्हणाल्या की ते आता कसे सांगू, पण बहुतेक बघितला असता, कारण मग तो काहीतरी सांगतोय असे वाटले असते. छापलेले काही सांगत नाही, ते नुसते असते.

प्रमुखांनी यावर आक्षेप नोंदवायचा आहे असे सांगितले. अधिकारी बाईंनी तो नोंदवला. नंतर त्यांनी आपली वही पुढे ओढली आणि लिहू लागल्या. लिहिताना मधून मधून थांबून नाक पुसत होत्या. फळीच्या बाईंनी एक खोके कडेला सरकत होते ते नीट लावले. टिंबकाका समोरची नऊ कार्डे बघत होते. ८.७ अजून त्यांच्या हातात होते. मग ते त्यांनी खाली, एकटेच, १.३ च्या पुढे ठेवले.

साडेबाराला पाच कमी असताना अधिकारी बाईंनी पेन बंद केले.

"कपाटातली कार्डं उद्यापासून वापरायची नाहीत," त्या म्हणाल्या. "साहेब, सही करायची तर एकेचाळीस कार्डं बघून करायची, तुमच्या बाबतीत वेगळा कागद निघेल. नोंदनीस, तुमचा आकडा बरोबर होता, क्रम तुम्हालाही लावता आला नाही. बाई कामावर राहतील."